धुऱ्यावरून : फोटोग्राफर व्हायचे म्हणते पोर!



आज जरा आपल्याच घराच्या भिंतीकडे पाहा. देवळीच्या वर बालाजीचा फोटो असेल. शेजारी कोणाकडे गजानन महाराज असतील, कोणाकडे सेवालाल महाराज, कोणाकडे बाबासाहेब. त्याखाली बी-बियाण्यांच्या दुकानाचे कॅलेंडर. आणि एका बाजूला, प्लास्टिकचा हार घातलेले, घरातले गेलेले माणूस. त्या फोटोपाशी थोडे थांबा. तो फोटो कुठून आला, आठवते का?

पुष्कळ घरांत याचे उत्तर सारखेच निघते. माणूस गेले. तेरवीला फोटो पाहिजे म्हणून पेट्या धुंडाळल्या, फोटो सापडेना. शेवटी मतदानाच्या कार्डावरचा, नाही तर आधार कार्डावरचा टिकलीएवढा फोटो तालुक्याला नेला. दुकानदाराने तो मोठा करून दिला आणि मागे निळा रंग भरला. जन्मभर वावरात वाकलेली बाई त्या फोटोत घाबरून ताठ बसलेली दिसते.

माझ्या मायचा फोटोही असाच आहे. कोणाच्या तरी लग्नात काढलेल्या फोटोत ती मागच्या रांगेत उभी होती, अर्धा चेहरा दुसऱ्या बाईच्या खांद्याआड. तेवढाच तुकडा कापून मोठा केला. डोक्यावर भाकरीचे टोपले घेऊन निंदणाला निघणारी, हसू आले की पदराचा काठ तोंडाशी नेणारी माझी माय त्या फोटोत नाही. इतकी वर्षे आम्ही तिला रोज पाहिले. खरे म्हणजे पाहिले नाही, डोळ्यांसमोरून जाऊ दिले.

हे आज सांगायचे कारण निराळे आहे. सोयाबीन सोंगून झाले, मळणी आटोपली, रात्रीची जेवणे झाली, की एखाद्या घरात बारावी झालेले पोर हळूच विषय काढते, "बाबा, मला फोटोग्राफर व्हायचं आहे."

मग काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. बाप म्हणतो, "फोटो काढून पोट भरते काय?" माय म्हणते, "दुसऱ्याच्या लग्नात मागंमागं फिरशील?" चुलता म्हणतो, "आता तर साऱ्यांच्याच हातात मोबाईल आहे, तुला कोण बोलावणार?" आणि कोपऱ्यात बसलेली आजी म्हणते, "मंग माह्या एक फोटो काढ ना, बाप्पा!" सारे हसतात आणि विषय तिथेच मिटतो.

मंडळी, त्या रात्री त्या घरात सर्वांत शहाणे बोलणे आजीचे होते. कसे, ते आज पाहू.

अशा पोराला एकच प्रश्न विचारून पाहा, "फोटो कशाचे काढशील?" बहुतेक पोरे मोबाईल पुढे करतात आणि दुसऱ्यांनी काढलेले फोटो दाखवतात. बर्फाचे डोंगर, समुद्र, वाघ, परदेशातले रस्ते. आणि म्हणतात, "आपल्या इकडं काय आहे काढण्यासारखं? तूर अन् सोयाबीन!" त्यांना वाटते, ओढ लागायला आधी लांब जावे लागते आणि भारी कॅमेरा लागतो. घरच्यांनाही तसेच वाटते, म्हणून ते खर्चाला भितात. दोघांचा घोटाळा एकाच ठिकाणी आहे.

यावर आपल्याच महाराष्ट्रातल्या एका माणसाची गोष्ट सांगतो. नाव तुम्हाला माहीत आहे, पण गोष्टीतला एक तुकडा बहुधा माहीत नसेल.

धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब फाळके. जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. १८९० साली त्यांच्या हाती कॅमेरा आला. फोटो घेणे, धुणे, छापणे, सारे ते शिकले. पोटासाठी गोध्र्याला त्यांनी फोटोचा स्टुडिओ काढला. तिथे प्लेगची साथ आली आणि १९०० साली त्यात त्यांची पत्नी आणि लेकरू दोघेही गेले. बडोद्याला पुन्हा धंदा मांडला, तर लोकांत आवई उठली की हा कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो. फोटो काढून घ्यायला कोणी येईना, धंदा बसला. पुढे त्यांनी पुराणवस्तू खात्यात नोकरी केली, ती सोडून छापखाना काढला, त्यातही भागीदारांशी पटले नाही. चाळिशी गाठली तरी घडी बसली नव्हती. आपल्या गावात असा माणूस असता, तर पारावर त्याच्याविषयी काय बोलणे झाले असते, ते तुम्हीच सांगा.

१९११ च्या सुमारास त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि मनाने घेतले, की आपल्या राम-कृष्णाच्या गोष्टी अशा पडद्यावर का दिसू नयेत? विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते लंडनला गेले, कॅमेरा घेऊन परत आले. आता चित्रपटाला भांडवल पाहिजे. पण ज्याने कधी चित्रपट केला नाही, त्याच्यावर पैसा कोण लावणार? काहीतरी करून दाखवणे भाग होते.

त्यांनी काय केले असेल? राजवाडा शोधला नाही, हत्ती-घोडे आणले नाहीत. घरात एका कुंडीत वाटाण्याचे बी लावले आणि कॅमेरा त्या कुंडीसमोर उभा केला. महिन्याहून जास्त काळ ते त्या एकाच रोपाची एकेक करून चित्रे घेत राहिले. मग ती सारी चित्रे पडद्यावर सलग धावली, तेव्हा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर माती फुटली, अंकुर वर आला, पाने उलगडली आणि वेल चढत गेला. या तुकड्याला नाव दिले 'अंकुराची वाढ'. तो पाहून भांडवल द्यायला माणूस पुढे आला. ३ मे १९१३ रोजी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' लोकांना दाखवला गेला आणि आपल्या देशाच्या चित्रपटाचा पाया पडला.

आता सांगा, वाटाण्याचे बी उगवताना कोणी पाहिले नाही? तुमच्या-माझ्या घरात तर जन्म त्यातच गेला. मृगात पेरलेले चौथ्या-पाचव्या दिवशी वर आले की नाही, हे पाहायला आपण पहाटे वावरात जातो. बोटाने माती उकरून अंकुर शोधतो. त्या वेळी आपल्या पोटात जे कालवते, तीच खरी ओढ. फाळक्यांनी नवी वस्तू शोधली नाही. सर्वांच्या पायाशी असलेली वस्तू त्यांनी महिनाभर पाहिली, आणि रोज पाहिली. फोटोग्राफर होण्याची सुरुवात इथे होते. ओढ लांब जाऊन सापडत नाही. जवळचे रोज पाहिले, आणि आज पाहिलेले उद्या पुन्हा पाहिले, म्हणजे ती लागते.

या गोष्टीत सरस्वतीबाईही आहेत. फाळक्यांच्या या दुसऱ्या पत्नी. त्यांनी दागिने विकू दिले, फिल्मला भोके पाडण्याचे आणि ती धुण्याचे काम शिकून घेतले, चित्रीकरणात उजेड परतवायला पांढऱ्या चादरी धरून त्या उन्हात उभ्या राहिल्या. शिवाय कामावरच्या साऱ्या माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडेच. फाळक्यांचे नाव सर्वांना पाठ आहे. ती चादर धरणारे हात मात्र कोणाच्या ध्यानात येत नाहीत.

तुम्ही म्हणाल, फाळके कलाशाळेत शिकलेले. शेतकऱ्याच्या पोराचे काय? तर एका शेतकऱ्याचेही ऐका. अमेरिकेत व्हरमाँट नावाचा थंडीचा मुलूख आहे. तिथल्या जेरिको गावी १८६५ साली विल्सन बेंटली नावाचा मुलगा जन्मला. घरी दुभती जनावरे आणि शेती. आई पूर्वी शाळेत शिकवायची, तिच्याजवळ एक सूक्ष्मदर्शक यंत्र होते. पोराने त्यातून हिमाचा कण पाहिला आणि तो वेडावला. प्रत्येक कणाला सहा बाजू, पण एकाची नक्षी दुसऱ्यासारखी नाही! आणि पाहता पाहता तो विरघळून जायचा. याची चित्रे राहिली पाहिजेत, असे त्याच्या मनाने घेतले. घरच्यांनी पैसे घालून कॅमेरा घेऊन दिला, पण शेतकऱ्याच्या पोराने असले चाळे करावेत, हे बापाला काही पटले नाही. पुष्कळ फसवाफसवीनंतर १५ जानेवारी १८८५ रोजी त्याला हिमकणाचे पहिले नीट चित्र मिळाले. तेव्हा तो १९ वर्षांचा होता.

पुढे काय झाले? त्याने शेती सोडली नाही. १९३१ साली मरेपर्यंत तो त्याच गावात, त्याच शेतावर राहिला आणि थंडी पडली की हिमकणांचे फोटो काढत राहिला. असे ५,००० हून अधिक फोटो त्याने घेतले. त्याच्या गावाला जो बर्फ म्हणजे खोऱ्याने ओढून टाकायची ब्याद होती, तो पाहायला जगातले शास्त्रज्ञ त्याचे फोटो मागवू लागले. आपल्याकडे हिम नाही, पण दव आहे, धुई आहे, कोळ्याचे जाळे आहे. गारपीट तर आपण सोसतोच.

आता थोडे सावध करणारेही सांगतो, कारण कॅमेरा हे धारेचे हत्यार आहे.

त्याच अमेरिकेत डोरोथिया लँग नावाची बाई होती. लहानपणी पोलिओ झाल्याने ती पाय ओढत चालायची. सॅन फ्रान्सिस्को शहरात तिचा चांगला चालणारा स्टुडिओ होता, श्रीमंत घरची माणसे तिथे फोटो काढायला येत. १९२९ नंतर मोठी मंदी आली. स्टुडिओच्या खिडकीतून तिला खाली रस्त्यावर हिंडणारी बेकार माणसे दिसू लागली. १९३३ साली एक दिवस ती कॅमेरा घेऊन खाली उतरली आणि फुकटच्या भाकरीसाठी रांगेत उभ्या राहिलेल्यांचा फोटो काढला. तिची ओढ तिला अशी मिळाली, आपल्याच खिडकीतून.

पुढे सरकारी कामासाठी ती शेतमजुरांत हिंडू लागली. मार्च १९३६ मध्ये पावसात गाडीने घरी परतताना वाटेत 'वाटाणा तोडणाऱ्यांची छावणी' अशी पाटी दिसली. ती पुढे निघून गेली. पण मन राहीना, म्हणून २० मैल गेलेली गाडी तिने परत फिरवली. थंडीने वाटाण्याचे पीक गेले होते आणि तोडायला आलेली माणसे कामाविना अडकून पडली होती. एका पालाखाली ३२ वर्षांची एक माय लेकरांना घेऊन बसली होती. लँगने तिचे थोडेसेच फोटो घेतले. ते वर्तमानपत्रात छापून आले आणि सरकारने त्या छावणीला २०,००० पौंड, म्हणजे सुमारे ९० क्विंटल धान्य-सामान पाठवले. एका फोटोत एवढी ताकद!

पण गोष्ट इथे संपत नाही. लँगने त्या बाईचे नाव विचारलेच नव्हते. मदत पोहोचेपर्यंत ते कुटुंब पुढच्या गावी निघून गेले होते. फोटो जगभर गेला, पुस्तकांत आला, आणि ती बाई कोण हे ४० वर्षे कोणाला ठाऊक नव्हते. १९७८ साली तिचे नाव बाहेर आले, फ्लॉरेन्स थॉम्पसन. म्हातारपणी ती म्हणाली, हा फोटो काढलाच नसता तर बरे झाले असते, मला त्यातून एक पैसा मिळाला नाही.

म्हणून ज्या पोराला हे काम करायचे आहे, त्याने पहिला धडा हा गिरवावा. ज्याचा फोटो काढशील त्याला आधी विचार, त्याचे नाव लिहून घे, आणि फोटोची एक प्रत त्याच्या हातात दे. पीक गेलेल्या शेतकऱ्याच्या तोंडासमोर कॅमेरा धरण्याआधी दोन घटका त्याच्याजवळ बस. तो नाही म्हणाला तर कॅमेरा खिशात घाल. लेकीबाळींचे फोटो तर त्यांना विचारल्याशिवाय काढूही नयेत आणि कोणाला पाठवूही नयेत.

आपल्या बाजूचाही एक माणूस सांगायला हवा. सुधारक ओलवे यांचा जन्म १९६६ साली अकोल्याचा. तेव्हा आपले वाशीम अकोला जिल्ह्यातच होते, वेगळा जिल्हा १९९८ साली झाला. ओलव्यांनी मुंबईत वर्तमानपत्रांसाठी फोटोग्राफी केली. त्या शहरात नटनट्यांचे फोटो काढणारे पुष्कळ होते. ओलवे मात्र शहराची घाण उपसणाऱ्या सफाई कामगारांबरोबर वर्षानुवर्षे हिंडले आणि त्यांचे जिणे लोकांपुढे ठेवले. रोज सकाळी सारे शहर त्या कामगारांच्या जवळून जात होते, पण पाहत कोणी नव्हते. २०१६ साली ओलव्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनीही दूरचे काही शोधले नाही.

आणि लेकीने हा विषय काढला तर "पोरीच्या जातीला..." असे म्हणण्याआधी होमाई व्यारावाला हे नाव आठवा. १९१३ चा जन्म, त्याही मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या. सुरुवातीला त्यांनी काढलेले फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जात, कारण बाईने काढलेल्या फोटोला कोण विचारतो? त्याच बाईने पुढे दिल्लीत स्वातंत्र्याच्या काळातले सारे मोठे प्रसंग टिपले. वृत्तपत्रांसाठी फोटो काढणारी देशातली पहिली बाई म्हणून त्यांचे नाव घेतात. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. "इथं काय आहे?" म्हणणाऱ्या पोराला मी कारंज्याच्या रेल्वेचे उदाहरण देतो. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणारी आपली शकुंतला पुष्कळांना आठवत असेल. तिला १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन होते. रुळाकाठच्या वावरात डवरणी करणारा माणूस तिच्या शिट्टीवर भाकर सोडायची वेळ ठरवायचा. आता ती नॅरोगेज गाडी धावत नाही. ज्या गावांतून ती जात होती, त्या गावांतल्या किती घरांत तिचा एक तरी फोटो आहे? आपल्याला वाटले, ही रोजचीच आहे, हिचा काय फोटो काढायचा!

आज रोजचे वाटते ते उद्या असेलच असे नाही. बैलजोडी ज्यांच्या दारात उरली आहे ते दार, तिफणीवर मूठ धरणारा हात, पोळ्याला रंगवलेली शिंगे. जात्याचा दगड, जो आता न्हाणीत पडला आहे. रामनवमीला पोहरादेवीला येणाऱ्या तांड्यांतल्या म्हाताऱ्या बायांच्या अंगावरची काचा लावलेली कांचळी आणि हातभर बलोये. कारंजा-सोहोळच्या माळावरची काळविटे. कार्तिकात पिवळी होणारी तूर, फाल्गुनात पेटलेले पळस. कारंज्याच्या जुन्या वेशी, शिरपूरच्या जैन मंदिराची वाट, वाशिमच्या बालाजी मंदिराबाहेर फुले विकणारी बाई. आणि आपल्या घरातली आजी. हे सारे काढायला तिकीट काढावे लागत नाही.

तसे पाहिले तर तुम्हीही फोटोग्राफर झालाच आहात. २०२१ पासून ई-पीक पाहणीसाठी शेतकरी स्वतः धुऱ्यावर उभा राहून मोबाईलने पिकाचा फोटो काढतो. तो फोटो सातबाऱ्याच्या कामाचा. त्याच मोबाईलने दोन पावले पुढे जायचे आहे, एवढेच.

ज्या पोराला खरेच ओढ आहे की नुसती हौस, हे पाहायचे असेल तर त्याला एक महिन्याचा वसा द्या. कॅमेरा नंतर.

एका मडक्यात माती घालून हरभऱ्याचे नाही तर तुरीचे चार दाणे लावायचे. मडके ओसरीवर एका जागी ठेवायचे, जिथे सकाळी उजेड येतो पण ऊन थेट पडत नाही. समोर एक वीट पक्की मांडून त्यावर खूण करायची. रोज सकाळी त्याच वेळी, त्याच खुणेवर मोबाईल ठेवून एकच फोटो काढायचा. काढण्याआधी मोबाईलची काच मऊ सुती कापडाने पुसायची, कारण निम्मे फोटो बोटांच्या तेलकट डागांनीच बिघडतात. पुढे सरकून जवळ जायचे, बोटांनी ताणून जवळ आणायचे नाही. कंटाळा आला, पाहुणे आले, लाईट गेली, तरी वसा मोडायचा नाही. तीस दिवसांनी ते तीस फोटो ओळीने भराभर सरकवून घरात सर्वांना दाखवायचे.

आणि त्याच महिन्यात घरातल्या एकाच माणसाचेही फोटो काढायचे, रोज एक. समजा आजी. ती चुलीपाशी, ती निवडण करताना, ती दारात वाट पाहताना, ती झोपलेली. पहिले चार दिवस ती पदर सावरून ताठ बसेल. आठव्या दिवशी ती मोबाईलकडे पाहायचे विसरेल. पंधराव्या दिवशी पोराला कळेल, की सकाळी दारातून आडवा येणारा उजेड तिच्या सुरकुत्यांवर पडतो तेव्हा ती कशी दिसते, आणि दुपारी बाराच्या उन्हात तिचे डोळे काळ्या खड्ड्यांसारखे का येतात. उजेड कसा वाचायचा, हे पुस्तकाआधी आजी शिकवते.

महिना पुरा केला, तर पोराला ओढ आहे. मध्येच सोडला, तर रागवू नका. वीट आणि मडके यांच्यावर निभावले, कर्ज वाचले.

आता पोटाचे बोलू, कारण ते टाळून चालणार नाही. नुसत्या आवडीचे फोटो काढून घर चालवणारे थोडे असतात. आपल्या भागात या कामाचा पैसा मुख्यतः लग्नाचा आहे. पण त्यात शेतकऱ्याच्या पोराला एक सोय आहे. तुळशीचे लग्न लागल्यावर लग्नसराई सुरू होते, ती आगुटीपर्यंत चालते. खरिपाची पेरणी, डवरणी, सोंगणी यांच्या आड ती फारशी येत नाही. म्हणजे शेती सांभाळून हे काम जमू शकते. मात्र सुरुवातीला वावर गहाण टाकून किंवा म्हैस विकून कॅमेरा घेऊ नये. एक-दोन सीझन चांगल्या फोटोग्राफरच्या हाताखाली राहावे. लाईट धरावा, वायरी गुंडाळाव्या, अल्बम लावावे. गिऱ्हाईक कसे बोलते आणि पैसे कसे थकतात, तेही त्यात कळते. यंत्र रोज जुने होते, हात जुना होत नाही. ज्याला शिकायचेच असेल त्याला जे. जे. मध्ये उपयोजित कलेबरोबर छायाचित्रणही शिकवतात, त्यासाठी बारावीनंतर प्रवेश परीक्षा असते.

आणि एक गोष्ट घरच्या कर्त्यांसाठी. मोबाईलमधला फोटो म्हणजे पाण्यावरची रेघ. मोबाईल पडला, पाण्यात गेला, की सारे गेले. वर्षाकाठी दहा तरी फोटो कागदावर छापून घ्या. मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि तारीख लिहा. कागदाला वाळवी लागते म्हणून एक प्रत लेकीच्या सासरी देऊन ठेवा. पन्नास वर्षांनी नातवंडे विचारतील, "ही बाई कोण?" तेव्हा सांगायला आपण नसू, मागचे अक्षर असेल.

मंडळी, पोर फोटोग्राफर होईल की नाही, ते त्याच्या हाताने ठरेल. झाले तर आनंद आहे. नाही झाले, तरी जवळच्या माणसाकडे नीट पाहायला शिकले, ही काही थोडी कमाई नव्हे. माझी माय गेली तेव्हा माझ्या खिशाला फोटोचे पैसे नव्हते असे नाही. तिच्याकडे पाहायचे राहून गेले, एवढेच.

म्हणून आज रात्री जेवणे झाल्यावर पोराने पुन्हा विषय काढला, तर हो-नाही काही म्हणू नका. कोपऱ्याकडे बोट करा आणि सांगा, "आजी केव्हाची म्हणून राहिली. उद्या सकाळी उजेड आला की आधी तिचा काढ."

बरे, येतो. पुढच्या आठवड्यात भेटूच.